अर्ज मुलाचा, धावपळ घराची

दहावी-बारावीच्या निकालांचा हंगाम ओसरला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. ‘कोणती शाखा घ्यावी’ मागे पडतं आणि पाकिटांमधून आयआयटी, व्हीएनआयटी, अमेरिका असे शब्द डोकावू लागतात. या अंकात नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली सहा पत्रं घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

मुलगा यंदा अकरावीत गेला. क्लासवाले म्हणतात, कॉलेजला ‘डमी’ प्रवेश घ्या, हजेरीची कटकट नाही, दिवसाचे सहा तास वाचतात. नातेवाईक म्हणतात, थेट राजस्थानात कोट्यालाच पाठवा. मुलाच्या मनात आयआयटी आहे, पण अमेरिकेतही अर्ज करून बघू म्हणतो. डमीत काही धोका असतो का?
*— एक आई, गंगापूर रोड*

धोका आहे, आणि तो दीड-दोन वर्षांनी कळतो, म्हणजे दुरुस्तीची वेळ गेल्यावर.

आधी कोटा शहराचं. देशातल्या एनआयटींमधल्या (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधल्या) निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. मूल कुठल्या राज्यातलं, हे बारावी कुठून उत्तीर्ण झालं यावर ठरतं. जन्मदाखला, रेशनकार्ड, डोमिसाईल यांचा तिथे उपयोग नाही. राजस्थानातल्या शाळेतून बारावी दिलेला नाशिकचा मुलगा नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी परराज्यातला ठरतो आणि जयपूरच्या एमएनआयटीसाठी घरचा. कित्येक घरांत हे जूनमध्ये, पसंतीक्रम भरायला बसल्यावर समजतं.

दुसरं बारावीच्या गुणांचं. जेईई या प्रवेशपरीक्षेत कितीही चांगली रँक आली तरी आयआयटी किंवा एनआयटीत प्रवेशासाठी बारावीला पाच विषयांत मिळून ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ६५), नाहीतर आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. पाच विषय म्हणजे भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी कोणताही एक. हिशेब मांडून पाहा. भौतिकला ७६, रसायनला ७४, गणितात ८० पडले तर २३० झाले. ७५ टक्क्यांना ३७५ हवेत, म्हणजे इंग्रजी आणि पाचव्या विषयात मिळून १४५. दोन वर्षं इंग्रजीचं पुस्तक न उघडलेल्या मुलाला ते जड जातात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, जेईई मेनची सत्रं जानेवारी आणि एप्रिलमध्ये. त्यामुळे इंग्रजी ‘शेवटच्या महिन्यात करू’ म्हटलं तर तो महिना कॅलेंडरमध्ये नसतोच. आठवड्याला दोन तास इंग्रजी आणि पाचव्या विषयाला, ते अकरावीपासून.

सीबीएसईचं कॉलेज असेल तर आणखी सावध राहा. तिथे ७५ टक्के हजेरी सक्तीची आहे, आणि डमी विद्यार्थी ठेवले म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाने दिल्ली-राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता काढून घेतली.

आता अमेरिका. तिथल्या अर्जाला नववी ते बारावी अशा चार वर्षांची गुणपत्रकं लागतात, शिवाय विषयशिक्षकांची साधारण दोन पत्रं आणि समुपदेशकाचा अहवाल. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते, म्हणून नववी-दहावीचे कागद एका कार्यालयात आणि पुढचे दुसऱ्या. शाळेचं प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरावर मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का आत्ताच घेऊन ठेवा. गुणांचं ‘जीपीए’त रूपांतर स्वतः करू नका, जसे आहेत तसे पाठवायचे. समुपदेशक हे पदच बहुतेक ज्युनियर कॉलेजांत नसतं. ती भूमिका प्राचार्य किंवा उपप्राचार्य करू शकतात, पण त्यांचा कॉलेजच्या नावाचा ई-मेल हवा. जीमेलवरून गेलेल्या शिफारशीकडे तिकडे संशयाने बघतात.

डमीची खरी गोची इथेच होते. जो मुलगा वर्गात बसलाच नाही, त्याच्याबद्दल रसायनाचे सर लिहिणार काय? ‘होतकरू, शिस्तप्रिय, नियमित’ हे तीन शब्द, आणि नियमित हाही खोटाच. दोन वर्गांत तरी मुलगा रोज बसेल, प्रश्न विचारेल, प्रयोग स्वतः करेल असं कॉलेज निवडा. बारावीच्या जून-जुलैत सरांना भेटून त्याने स्वतः विनंती करायची आणि एक पानभर टिपण द्यायचं: कोणत्या धड्यात अडलो, कोणता प्रयोग फसला आणि पुन्हा केला, वर्गात काय विचारलं. सरांना आठवायला आधार मिळतो. अमेरिकेतल्या अर्जांच्या पहिल्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि नेमकी तेव्हाच दिवाळीची सुट्टी पुढेमागे येते. कॉलेज बंद, शिक्का कपाटात, सर गावी. म्हणून घरची मुदत १० ऑक्टोबर धरा.

निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. मुलगा बारावीला आहे. आम्ही मराठा, राज्याचा एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) दाखला काढलेला आहे. क्लासमध्ये सांगितलं की जेईईला तो चालत नाही, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) काढा. कधी, कुठला आणि कसा काढायचा?
*— एक शेतकरी बाबा, निफाड*

क्लासमध्ये बरोबर सांगितलं. एसईबीसी हा प्रवर्ग २०२४ च्या राज्याच्या कायद्यातला आहे. आयआयटी, एनआयटी या केंद्राच्या संस्थांत तो नाही. तिथे तुमच्या मुलापुढे दोनच रस्ते आहेत, खुला किंवा ईडब्ल्यूएस. घरात कुणबी नोंद निघून दाखला मिळाला असेल तर मात्र तो ओबीसीत जाईल आणि ईडब्ल्यूएस बंद होईल. दोन्ही एकदम घेता येत नाही.

ईडब्ल्यूएसच्या अटी बारकाईने वाचा. मागच्या आर्थिक वर्षात कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी आलेलं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि यात शेतीचं उत्पन्न धरतात. ओबीसींच्या नॉन-क्रीमीलेयरला केंद्राच्या नियमात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. या दोन नियमांची सरमिसळ सेतूच्या रांगेत रोज होते, शेजारच्याचं ऐकून आकडा लिहू नका. शेतजमीन ५ एकर किंवा जास्त असेल तर दाखला मिळत नाही. तुमची साडेचार आहे, म्हणजे बसता. पण कुटुंब म्हणजे मुलगा, आई-वडील आणि अठराच्या आतली भावंडं. आईच्या नावावर माहेरकडून अर्धा-पाऊण एकर आलेली असेल तर ती त्यात धरावी लागते. आजोबांच्या नावावरची जमीन या व्याख्येत येत नाही. सामाईक सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलेलं असेल तर तुमचा हिस्सा नेमका किती, हे तलाठ्याकडून लेखी घ्या.

आणि एक अट शेतकरी घरांना हमखास आडवी येते. कुटुंबाच्या मालकीचा १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असला तरी दाखला नाही. शहरात १०० चौरस यार्डांचा निवासी प्लॉट असला तरी नाही, बाकी ठिकाणी ती मर्यादा २०० यार्ड. पोरांच्या शिक्षणासाठी नाशकात टू-बीएचके घेतला असेल तर करारनाम्यावरचं क्षेत्रफळ आधी बघा.

आता तारीख. दाखला प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर निघालेला हवा. जानेवारीत काढलेला नवाकोरा दाखलाही बाद होतो. आयआयटीसाठीच्या जेईई अॅडव्हान्स्डची नोंदणी साधारण एप्रिलअखेरीस सुरू होते, म्हणजे हातात तीन-चार आठवडे. त्याच दिवसांत तुमच्या बागेत खरड छाटणीची घाई आणि तहसीलमध्ये सगळ्या तालुक्याची गर्दी. म्हणून मार्चमध्ये फाईल बांधून ठेवा: सातबारा, ८-अ, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, रेशनकार्ड, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, भरत असाल तर आयकर विवरणपत्र. जेईई अॅडव्हान्स्डच्या माहितीपुस्तिकेत केंद्राचा नमुना शेवटी दिलेला असतो. त्याची कोरी प्रत सोबत न्या आणि ‘राज्याचा नको, केंद्राचा हवा’ हे अर्जावरच लिहा. तोंडी सांगितलेलं खिडकीपलीकडे पोचत नाही.

दाखला हातात पडल्यावर खिडकी न सोडता पाच गोष्टी तपासा: मुलाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग, आर्थिक वर्ष, निघाल्याची तारीख, अधिकाऱ्याचं पदनाम, शिक्का. वेळेत मिळालाच नाही तर नोंदणीत प्रतिज्ञापत्र चढवता येतं आणि मूळ दाखला जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित जागावाटपाच्या, कागदपत्र तपासणीत द्यायचा. तिथेही नाही दिला तर मुलगा खुल्या यादीतल्या रँकवर जातो. खुल्या गटाचा कटऑफ ओलांडलेला नसेल तर यादीतूनच बाहेर.

ओबीसी घरांसाठी जाता जाता. नॉन-क्रीमीलेयरलाही हीच १ एप्रिलची अट आहे आणि दाखला प्रांताच्या सहीचा, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्यात एनटी (भटक्या जमाती) म्हणून नोंद असलेल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात, काही येतच नाहीत. केंद्राच्या यादीत आपल्या जातीसमोरचा अनुक्रमांक शोधा. जात पडताळणी राज्याच्या प्रवेशफेरीला लागते, जोसाला लागत नाही.

नावाचं एक बघा. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा उलटं, आणि कधी वडिलांच्या नावाला ‘राव’ किंवा ‘भाऊ’ चिकटलेलं. क्रम उलटा असला तर सहसा निभावतं, स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असली तर फॉर्म अडतो. दहावीचा कागद प्रमाण मानून आधार दुरुस्त करा, उलट नको. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात, तेही याच फेरीत उरका.

मुलगी अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांना अर्ज करणार आहे. मोठा निबंध ६५० शब्दांचा आहे. तिचा मामा तिकडेच असतो, तो ‘जरा सुधारून देतो’ म्हणतो. एका सल्लागाराने फक्त निबंधांचे वेगळे पैसे सांगितले. आम्हा दोघांचं इंग्रजी बेताचं. आमच्याकडून काय मदत होऊ शकते?
*— एक बाबा, इंदिरानगर*

मामांना आधी हात आवरायला सांगा. ‘जरा सुधारून’चा परिणाम असा होतो की सतरा वर्षांच्या मुलीच्या निबंधात चाळिशीतल्या इंजिनिअरची वाक्यं येऊन बसतात. वाचणाऱ्यासमोर त्याच वेळी तिच्या इंग्रजीच्या मॅडमचं पत्र असतं, तिचे गुण असतात, इतर छोटी उत्तरं असतात. एका फाईलमध्ये दोन आवाज लपत नाहीत. कॉमन अॅपवर, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकच अर्ज पाठवायच्या संकेतस्थळावर, शेवटी हे माझंच लिखाण आहे म्हणून सही करावी लागते. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं त्यांच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. मिळालेला प्रवेशही मागे घेतला जाऊ शकतो.

तुमची मदत मराठीतून होईल, आणि ती कमी नाही. जूनमध्ये तिला कागदावर वीस प्रसंग लिहायला सांगा, एकेका ओळीत. बक्षिसं नकोत, प्रसंग हवेत: कशावरून भांडली, काय मोडलं आणि पुन्हा जोडलं, कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही. मग त्यातला एकेक तुम्हाला तोंडी सांगू दे. ‘मग काय झालं?’ आणि ‘म्हणजे नेमकं काय केलंस?’ हे दोनच प्रश्न विचारायचे. जिथे ती न थांबता बोलत राहील, तिथे निबंध आहे. जिथे ‘मला समाजासाठी काहीतरी’ असं सुरू होईल, तिथे नाही.

जुलैत पहिला खर्डा, हजारेक शब्दांपर्यंत गेला तरी चालेल. ऑगस्टमध्ये कापाकापी. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा पूर्ण काढता येतो, कारण त्यात प्रस्तावनाच असते. सप्टेंबरमध्ये दोनच वाचक, एक तिला ओळखणारा आणि एक न ओळखणारा. पाच जणांनी वाचलं की निबंध पाच जणांचा होतो. १५ ऑक्टोबरनंतर स्पेलिंगशिवाय काही बदलायचं नाही. छापील प्रत तिने मोठ्याने वाचावी. जिभेला अडेल ते वाक्य तिचं नाही.

निबंधाइतकंच वजन उपक्रमांच्या रकान्यांना असतं आणि तिकडे दुर्लक्ष होतं. दहा रकाने, प्रत्येकात वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. एक नमुना पाहा. समजा मुलगी तीन पावसाळे रामकुंडावर जाऊन पुराच्या नोंदी ठेवते आहे. रकान्यात ‘पर्यावरण रक्षणाचा ध्यास, गोदावरीसाठी जनजागृती’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याऐवजी: ‘गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये आणि दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं याची ३ पावसाळे नोंद. किती तासांनी पाणी पोचतं याचा आलेख.’ गुडघा, कंबर, छाती अशी नाशिककरांची पुराची जुनी मापं तिने सेंटीमीटरमध्ये बसवली असतील तर ते मोठ्या निबंधातही येऊ शकतं. इंग्रजीत लिहिताना अक्षरं मोजून ठेवा, १५१ वं अक्षर रकाना घेतच नाही. आठवड्याचे तास खरे लिहा. सगळ्या उपक्रमांचे मिळून चाळीस तास झाले तर मुलगी कॉलेजला कधी जाते, असं कोणीही विचारेल.

दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत असं नाही. घरच्या दुकानात बसणं, धाकट्या भावाला सांभाळणं, आजोबांना डायलिसिसला नेणं हेही उपक्रमच आहेत, आणि आपल्याकडची मुलं नेमकं तेच गाळतात. सल्लागाराचे पैसे द्यायचेच असतील तर विद्यापीठांची यादी आणि मुदतींच्या तक्त्यासाठी द्या. ‘आम्ही लिहून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

अमेरिकेतला खर्च ऐकून पोटात गोळा येतो. आर्थिक मदत मागितली की प्रवेश नाकारतात, हे खरं का? घर गहाण टाकून कर्ज काढावं का?
*— एक पालक, सातपूर*

काही ठिकाणी खरं, काही ठिकाणी नाही, आणि यादी त्यावरच ठरवायची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडोइन ही विद्यापीठं परदेशी मुलांचाही अर्ज पैशाकडे न बघता तपासतात आणि प्रवेश दिल्यावर लागेल तितकी मदत देतात. एमआयटीने २०२५ पासून सर्वसाधारण मालमत्तेच्या आणि २ लाख डॉलरच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणशुल्क माफ केलं आहे, हार्वर्डनेही तीच मर्यादा ठेवली. पण हार्वर्डमध्ये शंभर अर्जांमागे जेमतेम चारांना प्रवेश मिळतो, हे त्याच दमात सांगायला हवं. बाकी बहुतेक विद्यापीठं परदेशी मुलाने मदत मागितली तर ते निवडीत धरतात. म्हणून ‘आधी प्रवेश घेऊ, मदत नंतर मागू’ असं ठरवतात, आणि ती मोठी चूक ठरते. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षं मागता येत नाही. मोठ्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास आहे.

अर्जांचाही खर्च धरा. एकेका अर्जाला बहुधा ७५ ते ९० डॉलर, मदतीच्या अर्जाला, म्हणजे सीएसएस प्रोफाइलला, पहिल्या विद्यापीठाचे २५ आणि पुढच्या प्रत्येकाचे १६. शुल्कमाफी मागता येते, कॉलेजच्या पत्रावर. ‘अर्ली डिसिजन’ हा पर्याय बांधून घेणारा असतो (प्रवेश मिळाला की तिथेच जायचं), एकाच ठिकाणी भरता येतो आणि पालकांचीही सही लागते. मदतीचा आकडा हातात नसताना त्यात पडू नका.

घर गहाण टाकून पदवीला पाठवावं असं आम्हाला वाटत नाही. आयआयटीचं शिक्षणशुल्क वर्षाला २ लाख आहे. कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण, १ ते ५ लाख असेल तर दोन-तृतीयांश माफ, आणि अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना पूर्ण. कर्ज लागलंच तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा. निवडक संस्थांसाठी तारण-जामिनाशिवाय कर्ज मिळतं आणि ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे.

मी बारावी दिली आहे. जोसाचा पसंतीक्रम भरायचा आहे. पप्पा म्हणतात, मागच्या वर्षीचे कटऑफ बघून ‘मिळण्यासारखं’ तेच वर टाक, अवघड वर टाकलंस तर खालचंही जाईल. शिवाय त्यांना कॉम्प्युटरच हवं आहे, मला सिव्हिल आवडतं. मी काय करू?
*— बारावीची विद्यार्थिनी, सिडको*

पप्पांची भीती समजण्यासारखी आहे, पण जोसाची पद्धत तशी चालत नाही. संगणक तुझी यादी वरून खाली वाचतो आणि तुझ्या रँकवर मिळू शकणारी पहिली जागा देतो. वर लिहिलेली अवघड जागा नाही मिळाली म्हणून खालच्या जागेवरचा तुझा हक्क कमी होत नाही. त्या जागेसाठी तुझ्यापेक्षा मागच्या रँकच्या मुलीने ती पहिल्या क्रमांकावर लिहिली असली तरी ती आधी तुलाच मिळते. उलट ‘मिळण्यासारखं’ वर टाकलंस आणि ते मिळालं, तर त्याच्याखालच्या, तुला जास्त आवडणाऱ्या जागा कायमच्या कापल्या जातात. हे पप्पांना कागदावर चार नावं लिहून दाखव, तोंडी पटत नाही.

क्रम लावायची एक रीत. संस्था आणि शाखा अशा जोड्या चिठ्ठ्यांवर लिही. कोणत्याही दोन उचल आणि ‘या दोन्ही मिळाल्या तर कुठे जाईन?’ एवढंच विचार. पन्नास चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या की तासाभरात क्रम लागतो. मागच्या वर्षीचे आकडे यादीची लांबी ठरवायला वापर: तुझ्या रँकपेक्षा बऱ्याच पुढच्या काही, आसपासच्या भरपूर, आणि नक्की मिळतील अशा निदान दहा-पंधरा. यादी छोटी ठेवणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक. कटऑफच्या तक्त्यात ‘फक्त मुलींसाठी’ची ओळ वेगळी असते, ती वाच. मुलींसाठीच्या या वाढीव जागा २०१८ पासून आहेत आणि बऱ्याच मुली सर्वसाधारण ओळ बघूनच आशा सोडतात. आयआयटीत राज्याचा कोटा नाही. एनआयटीत तुझ्यासाठी नागपूरची ‘होम स्टेट’ ओळ.

जागा मिळाल्यावर तीन शब्द येतात. ‘फ्रीझ’ म्हणजे हीच हवी, पुढचं नको. ‘फ्लोट’ म्हणजे ही धरून ठेवते, पण यादीत वरचं काही मिळालं तर ते द्या. ‘स्लाइड’ म्हणजे संस्था हीच, शाखा वरची मिळाली तर द्या. तिन्हींत दिलेल्या मुदतीत शुल्क भरणं, कागद चढवणं आणि त्यांनी काढलेल्या शंकेला उत्तर देणं आलंच. ते राहिलं तर जागाही जाते आणि पुढच्या फेऱ्याही. शंका संध्याकाळी उशिरा येऊन पडतात, म्हणून त्या आठवड्यात दिवसातून तीनदा लॉगिन कर आणि पासवर्ड एकट्या क्लासवाल्याकडे ठेवू नकोस.

सिव्हिल की कॉम्प्युटर, याचा निकाल आम्ही देणार नाही. पण दोन्ही शाखांच्या पहिल्या चार सत्रांचे विषय संस्थेच्या संकेतस्थळावर असतात. ते छापून पप्पांसोबत एक संध्याकाळ बस. ‘स्ट्रक्चर्स’ आणि ‘हायड्रॉलिक्स’ बघून तुझे डोळे चमकतात की नाही, ते त्यांना समोर दिसू दे. चार वर्षं तो अभ्यासक्रम तुला करायचा आहे, म्हणून क्रमाचं शेवटचं बटण तू दाब.

परीक्षा जवळ आली की घरात कोणी कोणाशी बोलेनासं होतं. काही विचारलं तर मुलगा चिडतो, नाही विचारलं तर सासूबाई म्हणतात ‘लक्षच नाही तुझं’. परीक्षेच्या दिवशी काय-काय न्यायचं, तेही सांगा.
*— एक आई, नाशिकरोड*

विषय एका वेळेत कोंडा. रविवारी संध्याकाळी पाचला वीस मिनिटं: अर्ज, तारखा, पैसे, गाडी, जे असेल ते. बाकी आठवडाभर त्या विषयावर कोणी बोलायचं नाही, सासूबाईंनीही नाही. मॉकचे गुण त्याने सांगितले तर ऐकायचे, विचारायचे नाहीत. जेवताना क्रिकेट, भाजीचा भाव, शेजारचं लग्न चालेल.

झोपेचं गणित परीक्षेच्या घड्याळावरून मांडा. जेईई मेनची पहिली पाळी सकाळी ९ ते १२, दुसरी दुपारी ३ ते ६. अॅडव्हान्स्डचे दोन पेपर एकाच दिवशी, ९ ते १२ आणि अडीच ते साडेपाच. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाचं डोकं सकाळी नऊला अर्धवटच चालतं. शेवटचे तीन आठवडे मॉक याच वेळांना, मधला अडीच तासांचा खंड धरून. त्या खंडातला डबाही तेव्हाच ठरवा: मऊ दहीभात, पोळी-भाजी, केळं. मे महिन्यात पुरी-श्रीखंड खाऊन दुसऱ्या पेपरला डुलक्या येतात.

न्यायचं थोडंच असतं: प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, साधं पेन, पारदर्शक बाटली. साधे कपडे, मोठी बटणं नकोत, पायात चप्पल. घड्याळ, अंगठी, साखळी, ताईत घरी. काळा दोरा आणि गंडा गेटवर काढायला लावतात आणि ऐन वेळी मुलाचं मन खट्टू होतं. सासूबाईंना आठवडाभर आधी सांगा, त्या आदल्या रात्री दोरा देवापुढे ठेवतील. केंद्र आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा. सकाळी आठला द्वारका सर्कलला किती वेळ अडकतो, हे नकाशा दुपारी सांगत नाही.

अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदा देता येते, आणि आयआयटीत एकदा जागा स्वीकारली की पुन्हा देता येत नाही. ‘एक वर्ष गॅप’चा निर्णय निकालाच्या रात्री घेऊ नका, निदान आठवडा जाऊ द्या. चिडणं चालतं. पण मुलगा जेवण टाळू लागला, रात्र-रात्र जागा राहू लागला, आवडीच्या गोष्टी सोडू लागला किंवा ‘माझा उपयोग काय’ असं बोलला, तर वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. निकाल सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोण टाकणार आणि टाकायचा की नाही, हेही मुलालाच आधी विचारून ठेवा. त्या दिवशी फोन सासूबाईंकडे दिला तरी चालेल, त्या उचलून ‘झोपलाय’ एवढंच सांगतील.